यावच्चंद्रदिवाकरौ : राज्याचा शब्द आणि राज्याचा अधिकार

एम.ए.च्या वर्गाला जुने मराठी शिलालेख शिकवताना गधेगाळीचा विषय टाळता येत नाही. दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि तळाशी गाढव व स्त्री यांचे ते ओंगळ शिल्प. हे दान जो मोडील त्याच्या आईला ही शिवी, असा त्याचा उघड अर्थ. आमच्यापैकी एकाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, "सर, दान देणारा राजाच ना? मग त्याला दगडावर शिवी कोरून ठेवण्याची वेळ का आली?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आम्ही आमच्या विषयाच्या वेशीबाहेर बरेच भटकलो. त्या भटकंतीचा हा वृत्तांत आहे.

शिवी चोरासाठी नाही आणि शेजारच्या शत्रूसाठीही नाही. ती मुख्यतः पुढच्या राजासाठी आहे. ताम्रपटांच्या शेवटी जे शापाचे श्लोक येतात, तेही त्यालाच उद्देशून असतात. सगरादी अनेक राजांनी ही पृथ्वी भोगली. ज्याच्या ताब्यात जेव्हा भूमी असेल त्याला तेव्हा दानाचे फळ मिळते, असे एक श्लोक सांगतो. दुसरा बजावतो की दिलेली भूमी हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला कृमी होऊन राहील. पहिल्यात आर्जव आहे, दुसऱ्यात धाक आहे. पण दोहोंमागे कबुली एकच. आज मी देतो आहे ते उद्याच्या राजाला काढून घेता येईल, आणि त्याचा हात धरणारे माझ्यापाशी काही नाही. 'यावच्चंद्रदिवाकरौ' हे शब्द लिहिणाऱ्याला त्यांची दुर्बलता पुरती ठाऊक होती. म्हणून तर खाली गाढव कोरावे लागले.

आधुनिक राज्यात शापाची जागा न्यायालयाने घेतली. मग प्रश्न असा उरतो : राज्याने, नगरपालिकेने किंवा बंदराच्या विश्वस्तमंडळाने लेखी शब्द दिला की 'ही जमीन, हा हक्क आम्ही कधीही काढून घेणार नाही', तर तो शब्द न्यायालयात टिकतो का? जमीन देता येते हे उघड आहे. पण जमिनीबरोबर ती परत घेण्याची सत्ताही देऊन टाकता येते का? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. कायदा हा आमचा व्यवसाय नव्हे. जुने निवाडे आम्ही जुन्या बखरींसारखे वाचले. त्यांत जे सापडले ते बखरींइतकेच रंजक, आणि अखेरीस बरेच अस्वस्थ करणारे होते.

श्रेष्ठ स्वामित्व

सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता मालकाच्या संमतीवाचून, पण मोबदला देऊन घेण्याचा जो राज्याचा अधिकार, त्याला इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'एमिनंट डोमेन' म्हणतात. हा शब्दप्रयोग रूढ केला तो डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने, युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील आपल्या १६२५ सालच्या लॅटिन ग्रंथात. प्रजेच्या मालकीच्या वर राज्याचे एक 'श्रेष्ठ स्वामित्व' असते, अशी त्याची कल्पना. आपल्याकडे आपण त्याला भूसंपादन म्हणतो. पण त्यात जमिनीखेरीज हक्क, मक्ते, वहिवाटी असे सारेच येते, म्हणून येथे आम्ही 'संपादनाधिकार' हा शब्द वापरतो.

हा अधिकार सोडून देता येतो का, या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार झाला तो अमेरिकेत. त्याला कारण घडले. तेथील राज्यघटनेने १७८७ मध्ये घटकराज्यांना बजावले की कराराचे बंधन ढिले करणारा कोणताही कायदा तुम्ही करू नका. हे कलम मुख्यतः ऋणको-धनकोंच्या भांडणापायी आले होते. पण लवकरच निराळा सवाल उभा राहिला. राज्य स्वतःच कराराचा एक पक्ष असेल तर?

जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने १७९५ मध्ये सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन काही कंपन्यांना पाच लाख डॉलरांना विकली. कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्या बहुतेक आमदारांचा त्या कंपन्यांत हिस्सा होता हे बाहेर येताच लोक खवळले, निवडणुकीत नवे विधिमंडळ आले आणि १७९६ मध्ये त्याने ती विक्रीच रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८१० मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की जमीन देणे हाही करार आहे. तो विधिमंडळाला एकतर्फी मोडता येणार नाही. पुढे १८१९ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या प्रकरणात त्यांनी हेच सूत्र सनदांना लावले. इंग्लंडच्या राजाने १७६९ मध्ये दिलेली त्या कॉलेजची सनद न्यू हॅम्पशर राज्याला बदलता आली नाही. कॉलेजची बाजू मांडणारा वकील होता त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, डॅनियल वेबस्टर.

गाढवाच्या शिल्पाला जे साधले नाही ते या कलमाने साधले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. पुढच्या राजाचा हात धरणारे कोणीतरी अखेर सापडले होते.

वेबस्टर आणि दोन पूल

वेबस्टरच्या पुढच्या दोन खटल्यांत पूल आहेत, आणि त्या पुलांवरून चालत गेले की हा विश्वास कसा ओसरला ते दिसते.

पहिला पूल बॉस्टनचा. चार्ल्स नदीवर पूल बांधून टोल घेण्याची सनद मॅसॅच्युसेट्स राज्याने १७८५ मध्ये एका कंपनीला चाळीस वर्षांसाठी दिली. १७९२ मध्ये मुदत सत्तर वर्षांवर नेली. पूल भरभराटीला आला, भागधारक श्रीमंत झाले, आणि टोल भरणारे कुरकुरू लागले. १८२८ मध्ये राज्याने जवळच दुसऱ्या पुलाला परवानगी दिली. खर्च वसूल झाला की हा वॉरन पूल विनामूल्य व्हायचा होता. शेजारी फुकटचा पूल असताना टोल कोण भरील? जुन्या कंपनीचे म्हणणे असे की आमच्या सनदेत मक्त्याचे वचन अनुस्यूत आहे. वेबस्टर तिच्या बाजूने उभा राहिला आणि १८३७ मध्ये हरला. नवे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी सांगितले की सनदेत जे स्पष्ट लिहिलेले नाही ते लोकांच्या विरुद्ध गृहीत धरता येणार नाही. राज्याने आपली सत्ता सोडून दिली असे अंदाजाने मानू नये.

यात एक पळवाट उरली होती. स्पष्ट लिहिलेले असेल तर?

दुसऱ्या पुलाने तीही बुजवली. व्हर्मांट राज्यात वेस्ट रिव्हर नावाची नदी ब्रॅटलबरो गावापाशी कनेक्टिकट नदीला मिळते. त्या नदीवर पूल बांधण्याचा आणि टोल घेण्याचा अनन्य हक्क १७९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने वेस्ट रिव्हर ब्रिज कंपनीला शंभर वर्षांसाठी दिला. येथे मक्ता स्पष्ट होता आणि मुदतही स्पष्ट होती. पण १८३९ मध्ये राज्याने कायदा केला की सार्वजनिक रस्त्यासाठी गरज भासल्यास न्यायालयांना कोणत्याही कंपनीची मिळकत, तिच्या मक्त्यासह, भरपाई देऊन ताब्यात घेता येईल. जोसेफ डिक्स आणि इतर गावकऱ्यांनी अर्ज केला, पाहणी झाली, भरपाई चार हजार डॉलर ठरली, आणि टोलचा पूल मोफत रस्त्याचा भाग झाला. मक्त्याची निम्मीअधिक मुदत शिल्लक होती.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. वेबस्टरचा युक्तिवाद वाचताना आम्हांला त्यात तर्काइतकीच धास्ती दिसली. पूल आधीच लोकांच्या वापरात आहे. तो घेऊन राज्य पुन्हा पूलच चालवणार. मग येथे घेतले काय जाते? फक्त आम्हांला दिलेले वचन. संपादनाच्या नावाखाली राज्याला स्वतःचेच वचन विकत घेऊन फाडता येत असेल, तर घटनेतल्या त्या कलमाला अर्थ काय उरला? प्रश्न बिनतोड आहे असे आम्हांला वाटले, आणि आजही वाटते.

१८४८ मध्ये न्यायमूर्ती पीटर डॅनियल यांनी बहुमताचा निकाल दिला. न्यायमूर्ती वेन यांनी मतभेद नोंदवला. निकालाचा गाभा थोडक्यात असा. सनदेने मिळालेला मक्ता ही मालमत्ता आहे, हे मान्य. पण मग इतर मालमत्तेहून ती अधिक पवित्र कशी? शेतकऱ्याचे शेत रस्त्यात जाते, कारागिराचे घर जाते, तर कंपनीचा मक्ताही जाऊ शकतो. प्रत्येक करार एका अलिखित अटीवर झालेला असतो, की सार्वजनिक गरज उद्भवल्यास भरपाई देऊन राज्य तो विषय ताब्यात घेईल. तेव्हा मक्ता घेतल्याने करार मोडत नाही. करारातच असलेली अट अमलात येते.

जॉर्जियाच्या प्रकरणाशी याचा मेळ कसा बसतो? तेथे नव्या विधिमंडळाने दिलेले काढून घेतले आणि हातावर काहीच ठेवले नाही. येथे काढून घेतले ते मोल मोजून. म्हणजे राज्याच्या वचनाला न्यायालयाने शून्य ठरवले नाही; त्याला किंमत असलेली वस्तू ठरवले. वस्तू म्हटली की ती सक्तीने विकतही घेता येते.

रुग्णालयाची शांतता आणि बंदराचा काठ

तरीही एक पायरी उरली होती. व्हर्मांटच्या सनदेत 'आम्ही हा मक्ता कधीही संपादन करणार नाही' असे शब्द नव्हते. ते असते तर? याचे उत्तर फिलाडेल्फियातून आले.

पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल हे डॉ. थॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये स्थापलेले रुग्णालय. मनोरुग्णांसाठी त्याची स्वतंत्र शाखा १८४१ मध्ये वेस्ट फिलाडेल्फियात उघडली आणि डॉ. थॉमस कर्कब्राइड तिचे प्रमुख झाले. वेड्यांना साखळदंडांत ठेवण्याच्या प्रथेला विटलेल्या पिढीचे ते डॉक्टर. मोकळी हवा, झाडी, बागकाम आणि शांतता हाही उपचारच आहे, अशी त्यांची धारणा. शहर मात्र वाढत त्या बाजूला सरकत होते. १८५४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की रुग्णालयाच्या संमतीवाचून त्याच्या आवारातून कधीही रस्ता काढला जाणार नाही. बदल्यात रुग्णालयाने अन्यत्र रस्त्यासाठी जमीन द्यायची होती, आणि ती त्याने दिली. देवाणघेवाण पुरी झाली. येथे वचन स्पष्ट होते, मोबदला घेतलेला होता आणि हेतू उदात्त होता.

जवळजवळ साठ वर्षांनी शहराने त्याच आवारातून रस्ता काढायचे ठरवले. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांच्या अगदी आटोपशीर निकालपत्रात रुग्णालयाचे म्हणणे फेटाळले. समाजाच्या धारणेसाठी जी सत्ता आवश्यक, ती राज्याला कराराने सोडून देताच येत नाही. आणि संपादनाधिकार ही तशी सत्ता आहे. 'आम्ही कधीही घेणार नाही' हे वचन, घेण्याच्या अधिकारावरचे बंधन म्हणून, जन्मापासूनच निष्प्रभ होते.

राज्याची ही कथा, तर राज्याने नेमलेल्या लहान संस्थांची काय? त्यांचे उत्तर स्कॉटलंडमधील एअर या बंदरात मिळाले, तेही फिलाडेल्फियाच्या आधी, १८८३ मध्ये. बंदराच्या विश्वस्तांना कायद्याने काठावरची जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार होता. ऑस्वल्ड नावाच्या जमीनदाराची जमीन घेताना भरपाई कमी पडावी म्हणून विश्वस्तांनी तोड काढली. घेतलेल्या पट्ट्यावर आम्ही असे काही बांधणार नाही की ज्याने तुमच्या उरलेल्या जमिनीची बंदराकडची वाट अडेल, असे आम्ही लिहून देतो. मग त्या नुकसानीचे पैसे मागू नका. हाउस ऑफ लॉर्ड्सने ही तोड बेकायदा ठरवली. लॉर्ड ब्लॅकबर्न यांचे म्हणणे असे की संसदेने हा अधिकार विश्वस्तांना लोकहितासाठी दिला; पुढचे विश्वस्त तो गरजेनुसार वापरतील, की न वापरतील. आजच्या विश्वस्तांना त्यांचे हात बांधता येणार नाहीत, मग त्यात चार पैसे वाचत असोत. येथे तर जमीनदाराला असे वचन नकोच होते, रोकड भरपाई हवी होती. या निकालाने त्याचेच भले झाले.

नियमाचे समर्थन आणि त्याच्या कडा

हे सारे वाचून आमचा पहिला कौल न्यायालयांच्याच बाजूने पडला. १७९५ मधील व्हर्मांटच्या प्रतिनिधींना १८४८ च्या लोकांची गरज कशी ठाऊक असणार? जे त्यांचे नव्हतेच, तर पुढच्यांचे होते, ते त्यांनी कसे द्यावे? विश्वस्ताला देवळाची जमीन कसायला देता येईल, पण विश्वस्तपद विकता येणार नाही. त्यातलाच हा प्रकार. शिवाय जॉर्जियाचा अनुभव समोर आहे. सत्ता कायमची विकता येत असेल तर ती विकली जाईल, आणि विधिमंडळाच्या दाराशी जे रोज उभे असतात त्यांनाच ती स्वस्तात मिळेल. संपादनाधिकार अविक्रेय असणे हे सामान्य माणसाचेही संरक्षण आहे. कारण बड्या कंपनीला तेवढी सूट मिळाली असती आणि रस्ता दर वेळी लहान माणसाच्याच घरावरून गेला असता.

मात्र या नियमाच्या कडा नीट पाहायला हव्यात, कारण सरकारे त्याचा आधार वाजवीपेक्षा अधिक घेतात. राज्याला सत्ता सोडता येत नाही. म्हणून राज्याचा कोणताच करार बंधनकारक नाही असे ठरत नाही. इंग्लंडमध्ये १९२६ च्या एका निकालात, शेजारच्या साउथपोर्ट शहरापेक्षा जास्त दर लावणार नाही, असे वीजकंपनीने दिलेले वचन हाउस ऑफ लॉर्ड्सने वैध ठरवले; तो व्यवहार होता, सत्तात्याग नव्हता. अमेरिकेत १९६२ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांनी पोर्ट ऑथॉरिटीच्या रोखेधारकांना शब्द दिला होता की तिचा पैसा तोट्यातल्या रेल्वेसेवेत अमुक मर्यादेबाहेर घातला जाणार नाही. १९७४ मध्ये दोन्ही राज्यांनी तो शब्द मागे घेतला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ही माघार घटनाबाह्य ठरवली. पैशाचे वचन आणि सत्तेचे वचन यांत न्यायालयाने भेद केला. सत्तेचे वचन राज्याला बांधत नाही. पैशाचे बांधू शकते, आणि राज्याला स्वतःच्या सोयीसाठी ते झटकता येत नाही.

आपल्याकडे धरणग्रस्तांना दिलेल्या आश्वासनांकडे या दृष्टीने पाहावे. पर्यायी जमीन देऊ, मोबदला देऊ, गावठाणाला पाणी देऊ ही वचने संपादनाचा अधिकार सोडण्याची नव्हेत. तो अधिकार वापरल्याची ती किंमत आहे. ती थकवणाऱ्याला या सिद्धांतामागे लपता येऊ नये.

ज्याला किंमत नाही ते

येथवर आम्ही समाधानी होतो. मग सेनेकांची हकीकत वाचनात आली.

सेनेका हे अमेरिकेच्या ईशान्येकडील इरोक्वा संघातले एक आदिवासी राष्ट्र. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना, नोव्हेंबर १७९४ मध्ये, कॅनंडेग्वा येथे अमेरिकेने त्यांच्याशी तह केला. सेनेकांची जमीन त्यांचीच आहे. त्यांनी स्वतः विकायची ठरवल्याखेरीज अमेरिका तिच्यावर कधी हक्क सांगणार नाही, आणि त्यांच्या उपभोगात अडथळा आणणार नाही, असे त्यात लिहिले गेले. व्हर्मांटच्या सनदेच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. तहानुसार दर वर्षी काही रकमेच्या वस्तू द्यायच्या होत्या. त्यातले कापड पुढे दोन शतके, अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत, नेमाने पाठवले जात राहिले आहे.

पिट्सबर्ग शहराला पुरापासून वाचवण्यासाठी ॲलेगेनी नदीवर किन्झुआ धरण बांधायची योजना विसाव्या शतकात पुढे आली. तिच्या जलाशयात सेनेकांच्या ॲलेगनी राखीव क्षेत्रातली सुमारे दहा हजार एकर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश जमीन बुडणार होती. सेनेका न्यायालयात गेले. १९५८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की काँग्रेसने धरणासाठी पैसे मंजूर केले तेव्हा ही जमीन बुडणार हे तिला माहीत होते; तह असला तरी संपादनाचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतले नाही. टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष आर्थर मॉर्गन यांनी सेनेकांच्या वतीने पर्यायी योजना मांडली, तीही स्वीकारली गेली नाही. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी खेद व्यक्त केला, साहाय्याचे आश्वासन दिले आणि काम थांबवता येणार नाही असे कळवले. सुमारे सहाशे माणसे उठली. थडगी उकरून दुसरीकडे न्यावी लागली. १७९४ च्या तहावेळचे त्यांचे पुढारी कॉर्नप्लांटर यांचे थडगेही त्यांत होते. १९६४ मध्ये काँग्रेसने सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी जॉनी कॅश या गायकाने आपल्या ध्वनिमुद्रिकेत या मोडलेल्या तहाचे गाणे गायले. गवत उगवत राहील तोवर, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. ते वाचताच आम्हांला आमच्या दगडावरचे चंद्र-सूर्य आठवले.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर वेस्ट रिव्हर, पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आणि सेनेका यांत एकच सूत्र ओवलेले दिसते : वचन अडवू शकत नाही, फक्त मोल मागू शकते. पण तिन्ही वचनांत काय होते ते पाहा. पूलकंपनीच्या वचनात टोल होता, म्हणजे पैसेच. पैशाच्या बदल्यात पैसे आले, हिशेब मिटला. रुग्णालयाच्या वचनात रुग्णांची शांतता होती. तिचे मोल ठरवणे कठीण, तरी रस्त्याने कापलेल्या जमिनीची काही किंमत सांगता येते. सेनेकांच्या वचनात मात्र 'आम्ही तुम्हांला त्रास देणार नाही' एवढेच होते. त्यात विकण्याजोगे काही नव्हतेच. ज्या वचनाचा सारा अर्थ 'विकत मागणार नाही' हा आहे, ते विकत घेतले की भरपाई कशाची होते?

याच सुमारास, १९६० मध्ये, नायगारा वीजप्रकल्पासाठी टस्करोरा या शेजारच्या राष्ट्राची जमीन घेण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. बहुमत प्रकल्पाच्या बाजूने गेले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी मतभेद नोंदवताना शेवटी एवढेच म्हटले की थोर माणसांप्रमाणे थोर राष्ट्रांनीही आपला शब्द पाळावा. हा कायद्याचा मुद्दा नव्हे हे त्यांच्यासारख्या न्यायाधीशाला कळत नसेल असे नाही. कायदा संपला त्या जागी ते बोलत होते.

आपल्या सनदा

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारने अवधच्या तालुकदारांना सनदा दिल्या. पुढे संयुक्त प्रांताच्या १९३९ च्या कूळकायद्याने तालुकदारांचे अधिकार आखडले, तेव्हा सनदेचा आधार घेऊन खटला झाला. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला : राजसत्तेने जमीन दिली म्हणजे कायदा करण्याची सत्ता दिली असे होत नाही. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने रद्द झाली. 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' हे शब्द असलेल्या किती तरी सनदा एका कायद्याने इतिहासाच्या अभ्यासकांच्या हवाली झाल्या. कूळ म्हणून राबणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. जुन्या राजांचा शब्द चंद्र-सूर्य असेतोवर पाळायचा म्हटले असते, तर नव्या प्रजासत्ताकाला जमिनीची वाटणी हात लावण्याजोगीच उरली नसती.

म्हणून आम्ही या नियमाच्या विरोधात नाही. राज्याला आपली सत्ता कायमची सोडता येऊ नये, हे आम्हांला पटते. पण 'सोडता येत नाही' या वाक्यावरून 'वापरलीच पाहिजे' असे वाक्य निघत नाही. आणि सरकारी टिपणांत ते बहुधा निघालेले असते. अधिकार शाबूत आहे हे न्यायालय सांगते. तो आज, येथे, या माणसांवर वापरायचा का, याचे उत्तर न्यायालयाने दिलेले नसते. ते मंत्र्याला, अभियंत्याला आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपल्याला द्यायचे असते. जेथे पूर्वी शब्द दिलेला आहे, तेथे दुसरा मार्ग खरोखर नाही ना, हे तपासण्याचे ओझे अधिक जड असायला हवे. मॉर्गन यांच्या आराखड्याच्या वेळी ते कोणी पुरेसे उचलले नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही तेव्हा एवढेच सांगितले होते की राजाचा पुढच्या राजावर विश्वास नव्हता. आता थोडे पुढे जाऊन सांगू. त्या अडाणी, बीभत्स शिल्पाने पुढच्या राजाची सत्ता नाकारली नव्हती. घेऊ शकतोस, हे त्याने मान्यच केले होते. घेताना लाज वाटावी, एवढीच त्याची मागणी होती. आमच्या निवाड्यांत भरपाईचा हिशेब आहे, व्याजासह आहे. ती दुसरी गोष्ट कोठे लिहून ठेवायची, हे आम्हांला अजून सापडलेले नाही.